हॅलिफॅक्सची शेपटी, लिबरेटरचं धड

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कौलं चाळायला माणसं आली, म्हणून माळ्यावरची खोकी खाली काढायला घेतली. एक खोकं उचललं तर वरचा भाग हातात आला आणि तळ माळ्यावरच राहिला. वाळवी. आतलं सामान घरंगळलं, ते झेलायला मी पुढे झालो आणि पायाखाली काहीतरी कुरकुरलं. अ‍ॅकॅडमीच्या १/७२ मापाच्या प्लास्टिक किटमधल्या बी-२४डी लिबरेटर या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बरची मागची टरेट होती ती. विमानाच्या शेपटीच्या टोकाला बंदूकवाला ज्या काचेच्या घुमटीत बसतो, ती. चार तुकडे. सूचनांचा कागद आणि डेकलचं, म्हणजे विमानावर चिकटवायच्या निशाण्यांचं, पान वाळवीनं मातीच्या नक्षीसकट संपवलं होतं. बाकीचं प्लास्टिक मात्र धडधाकट. वाळवीला पॉलिस्टायरीन चालत नाही, हे आमच्या छंदाचं नशीब.

त्या दिवसापासून डिसेंबरपर्यंत जे झालं ते क्रमानं लिहितो. दोन किटं फोडून तिसरंच विमान उभं करायला आमच्यात किटबॅशिंग म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की कठीण काम कापाकापीचं. माझी कापाकापी दोन संध्याकाळींत आटपली. दोन महिने खाल्ले ते एका सांध्यानं, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या.

हाताशी काय होतं

माझं रत्नागिरीत एस.टी. स्टँडजवळ झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. जून-जुलैत दाखले, सातबारा आणि प्रवेशाचे अर्ज यांनी दिवस भरतो, रात्री नऊनंतर मागच्या टेबलावर माझं काम. त्या टेबलावर तेव्हा दोन किटं होती. एक, बिनशेपटीचं लिबरेटर. दुसरं माझ्या लहानपणचं एअरफिक्सचं हॅलिफॅक्स बी-३, त्याच युद्धातलं ब्रिटिश बॉम्बर, तेही १/७२. सातवीच्या मे महिन्याच्या सुट्टीत मामानं मुंबईहून आणलं होतं. मी ते दोन दिवसांत फेविक्विकनं चिकटवून टाकलं, रंग दिलाच नाही. साचा १९६१ चा, त्यामुळे अंगभर मोहरीच्या दाण्यांसारखे रिव्हेट. एक पंख केव्हाच निखळलेला. पण मागची टरेट जागेवर होती, शाबूत.

रस्ते तीन होते. परदेशातून सुटा भाग मागवायचा, पण टपाल आणि जकात धरून तो जवळपास किटच्याच भावात पडला असता. घुमटी प्लास्टिकची कोरून वरून काळा रंग मारायचा. लांबून खपलं असतं, मला खपलं नसतं. तिसरा रस्ता म्हणजे ज्या लिबरेटरला मुळातच हॅलिफॅक्सची शेपटी होती, तेच विमान करायचं.

असं विमान होतं. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडनं, म्हणजे समुद्रावर गस्त घालणाऱ्या शाखेनं, बी-२४डी घेतली तेव्हा तिची जीआर-३ आणि जीआर-५ अशी रूपं झाली. जीआर म्हणजे टेहळणीवाली. स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला स्कॉटिश एव्हिएशनच्या कारखान्यात ही विमानं बदलून घेतली जात. मागची अमेरिकन टरेट काढून तिथे बोल्टन पॉल कंपनीची चार ब्राउनिंग मशीनगनची टरेट बसवत, हॅलिफॅक्सच्या शेपटीत असायची तशीच. चिलखत कमी करून इंधन वाढवलं, पोटाखालची गोल टरेट गेली आणि काही विमानांच्या उजव्या पंखाखाली झोतदिवा लटकला. थोडक्यात, किटबॅशिंग आधी त्यांनीच करून ठेवलं होतं, खऱ्या ॲल्युमिनियममध्ये. मी जीआर-५ करायचं ठरवलं.

आणखीही एक ओढ होती, ती थोडी घरची. १९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनीनं अकरा पाणबुड्या हिंदी महासागराकडे धाडल्या. गटाचं नाव 'मोन्सून', कारण पावसाळा सरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस, त्यांनी आमच्या अरबी समुद्रात शिकार सुरू करायची होती. जून-जुलैत आमच्याकडे मासेमारी बंद असते, तसाच हिशेब. त्या अकरांतल्या पाचच इथवर पोचल्या. ज्या वाटेत गारद झाल्या त्यांतली यू-५१४ ही ८ जुलै १९४३ ला टेरेन्स बुलॉक या वैमानिकानं लिबरेटरवरून रॉकेटं सोडून बुडवली. त्याच वर्षी ११ ऑगस्टला पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याबाहेर २०० स्क्वाड्रनचा न्यूझीलंडर लॉइड ट्रिग पेटलेल्या लिबरेटरमधून यू-४६८ वर चालून गेला. पाणबुडी बुडाली, विमानातला एकही माणूस वाचला नाही. जर्मनांतले सात जण वाचले, तेही त्याच विमानाच्या रबरी नावेत बसून, आणि त्यांनी दिलेल्या साक्षीवर ट्रिगला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचं विमान जीआर-५ होतं. पुढे १९४४ मध्ये तेच २०० स्क्वाड्रन मद्रासला सेंट थॉमस माउंटवर आलं.

युद्धानंतर अमेरिकन-ब्रिटिशांनी कानपूरला मोडीत टाकलेली लिबरेटरं हिंदुस्थान एअरक्राफ्टनं पुन्हा उडती केली. १९४८ पासून ती भारतीय हवाई दलात होती, १९५१ पासून पुण्याच्या ६ स्क्वाड्रनमध्ये समुद्रावरच्या टेहळणीला, आणि १९६८ पर्यंत चालली. त्यातलं एक पालमच्या संग्रहालयात उभं आहे. पण ते उशिराच्या बनावटीचं, नाकातही टरेट असलेलं. त्याच्या शेपटीवरून माझ्या शेपटीचं माप घेता येत नाही. इंजिनांवरची कवचं मात्र त्याच्यावरून ताडून पाहता येतात: गोल नाहीत, आडवी लंबवर्तुळाकार आहेत, कारण इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोसुपरचार्जरच्या हवेची तोंडं दोन्ही बाजूंना आहेत. सुरुवातीच्या लिबरेटर-२ ला टर्बो नव्हता, म्हणून तिची कवचं गोल. हे तपासायचं राहिलं की माणूस महिनाभर खपून चुकीचं विमान करतो.

टरेट सुटते

फेविक्विक थंडीत ठिसूळ होतं. हॅलिफॅक्सचं शेपूट करवतीनं कापून पिशवीत घातलं आणि फ्रीजरमध्ये कोलंबीशेजारी रात्रभर ठेवलं. सकाळी बायकोनं कोलंबी समजून तेच बाहेर काढलं. ते बोलणं इथे लिहीत नाही. ब्लेडची बोथट बाजू फटीत घालून जरा पिळलं, तर टक् आवाज होऊन टरेट सुटली, काचेला तडा न जाता.

काच मात्र आतून पांढुरकी झाली होती, मोतीबिंदू झाल्यासारखी. हेही फेविक्विकचंच. त्याची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसून घट्ट होते, आणि दमट हवेत जास्तच. थर वरवरचा असल्यामुळे निघतो. काडीला कापूस गुंडाळून त्यावर टूथपेस्ट घेतली आणि आतून गोल गोल घासत राहिलो. एकेका खिडकीला वीस मिनिटं. बाहेरून आधी दोन हजार नंबरचा पाणकागद, मग तीच टूथपेस्ट. तिसऱ्या रात्री दुकानाची ट्यूब घुमटीतून आरपार दिसली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

सांधा

दोन्ही खोक्यांवर १/७२ छापलेलं. तरीही लिबरेटरच्या धडाचं मागचं तोंड आणि हॅलिफॅक्सच्या टरेटचं बूड समोरासमोर धरलं तर सगळीकडून दीड मिलिमीटरची तफावत. ऐकायला क्षुल्लक. पण या मापात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ७.२ सेंटिमीटर, दीड म्हणजे जवळजवळ ११. आता दोघांत खोटं कोण बोलतंय? साठ वर्षांपूर्वीच्या साच्यातली टरेट लहान झाली आहे, की धडाचं तोंड मुळात दुसऱ्या टरेटसाठी कापलेलं आहे म्हणून ते मोठं दिसतंय?

इथे मी धंद्याचा फायदा घेतला. कोस्टल कमांडच्या एका लिबरेटरचा मागून काढलेला फोटो होता. तो मशीनवर टक्का टक्का वाढवत नेला, दोन उभ्या सुकाणूंमधलं अंतर कागदावर आणि मॉडेलवर तंतोतंत जुळेपर्यंत. मग कागदावरच्या टरेटवर हातातली टरेट ठेवली. कागदावरची मोठी. झालं, निकाल लागला: एअरफिक्सनं लहान केली. मग धडाचं तोंड आहे तसंच ठेवून टरेटभोवती गळपट्टा फुगवत न्यायचा, म्हणजे नजरेला ती मोठी वाटेल, असं ठरवलं. जून संपत आला होता. ट्यूबमधली मॉडेलची पुट्टी, म्हणजे लांबी, घेतली आणि फट भरली, फटीवर थर, थरावर थर. काही ठिकाणी तीन मिलिमीटर जाडी झाली असेल. दोन दिवसांनी पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला, झकास दिसलं. फोटोसुद्धा काढले.

तीन आठवड्यांनी पाहतो तर गळपट्ट्याला चरा पडलेला. सांध्याची गोल रेषा जशीच्या तशी वर आलेली, आणि मधला भाग खोल गेलेला, आजाऱ्याच्या गालासारखा.

मिरकरवाड्यातले एक चाचा त्या दुपारी होडीच्या कागदांच्या झेरॉक्सला आले होते. त्यांचं काम फायबरच्या होड्या दुरुस्त करण्याचं, आणि बंदीच्या दोन महिन्यांत सगळ्या होड्या वर ओढलेल्या असतात, त्यामुळे त्यांना मान वर करायला फुरसत नसते. कागद मशीनवर होते तेवढ्यात त्यांनी ते धड उचललं.

"ह्यात काय भरलंस, शेठ?"

"लांबी."

"एवढी जाड? मग बसणारच ती. वरनं सुकली, आत कच्ची. पावसात तर म्हयनाभर कच्ची." त्यांनी अंगठा चऱ्यावरून फिरवला. "असा होडीला कोण भरील तर नाखवा हाकलून देईल त्याला. आधी आत काय तरी घट्ट घाल. लांबी वरनं फक्त, कागदाएवढी."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ट्यूबची पुट्टी थिनर उडून सुकते. उडालेल्या थिनरची जागा रिकामी होते आणि पुट्टी तेवढी आक्रसते. थर जाड असेल तर वरची साय आतल्या थिनरला कोंडून धरते. चाचांच्या हातात चरा पाहिल्यावर मात्र ते ठाऊक असणं फार उपयोगाचं वाटेना. त्यांनी जाता जाता आणखी एक प्रश्न टाकला, तो जास्त बोचला. "पण ही फुगवलीस कशाला? खरी अशी हाय काय?"

त्या रात्री मी फोटो पुन्हा काढला आणि चूक तिथे होती. टरेट विमानाच्या सर्वांत मागे, म्हणजे मागे उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ. सुकाणू तिच्यापुढे, म्हणजे लांब. जवळून काढलेल्या फोटोत जवळची वस्तू मोठीच येणार. लग्नाच्या फोटोत पुढे बसलेल्या करवल्यांची डोकी नवऱ्यामुलाच्या डोक्यापेक्षा मोठी येतात, तसंच. मी सुकाणूंच्या मापानं टरेट मोजली होती. माप घ्यायचं तर बाजूनं काढलेल्या फोटोवर, कारण तिथे धड आणि टरेट कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतात. बाजूचा फोटो वाढवून ठेवला, तर एअरफिक्सची जुनी टरेट कागदावर चपखल बसली. साठ वर्षांचा साचा बरोबर होता. कमी करायचं होतं ते धडाचं तोंड.

पुट्टी बसली नसती तर फुगलेल्या गळ्याचं ते विमान आज कपाटात असतं आणि मी ते लोकांना कौतुकानं दाखवत असतो.

सगळं खरवडून काढलं. धड टोकापासून चार मिलिमीटर आत कापलं. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटच्या आठ चकत्या कापल्या, प्रत्येक आधीच्या चकतीपेक्षा केसभर लहान, आणि उतरंडीसारख्या एकावर एक चिकटवल्या. मागची शेवटची चकती टरेटच्या बुडाएवढी, पुढची धडाएवढी. आता भरायच्या राहिल्या त्या फक्त पायऱ्या. त्यासाठी चाचांकडूनच पॉलिएस्टर पुट्टी आणली, डब्याबरोबर हार्डनरची छोटी ट्यूब येते ती. ही पुट्टी हवेनं सुकत नाही, रासायनिक क्रियेनं घट्ट होते, त्यामुळे जुलैतही अर्ध्या तासात घासायला तयार. धोका एकच. तिच्यात स्टायरीन असतं, ते मॉडेलच्या प्लास्टिकला मऊ करतं, आणि घट्ट होताना ती तापते. जाड थर लावला तर खालचं प्लास्टिक वितळून बसेल. कागदाएवढा थर असेल तर काही होत नाही. चाचांचा 'कागदाएवढी' होडीसाठी होता, माझ्यासाठी तो दुहेरी लागू पडला.

घासणं बोटानं नाही. बोट मऊ असतं, ते खळग्यात शिरतं आणि खळगा आणखी खोल करतं. आईस्क्रीमच्या काडीला चारशे नंबरचा पाणकागद गुंडाळला आणि धडाच्या लांबीच्या दिशेनं, तिरके, लांब हात मारले. पंचवीस-तीस हातांनंतर ग्रे प्रायमरचा हलका फवारा, पुन्हा तेच. प्रायमर जिथे उरतो तो खळगा, जिथे आधी निघतो तो उंचवटा. चार फेऱ्या झाल्या. पाचवी करायला हवी होती, पण कंटाळा आला.

नाकातलं शिसं

लिबरेटरला पुढे एक आणि मागे दोन चाकं. धड मागे लांब, त्यात मी शेपटीत चकत्या भरल्या होत्या, त्यामुळे विमान चाकांवर उभं राहण्याऐवजी शेपटीवर बसणार हे उघड होतं. नाक काचेचं, तिथे वजन लपवायला जागा नाही. मिरकरवाड्यात जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मिळतात. त्या हातोडीनं चेपल्या आणि कॉकपिटच्या फळीखाली, पुढच्या चाकाच्या खाचेच्या दोन्ही अंगांना आणि चारही इंजिनांच्या मागे बसवल्या. इंजिनं मागच्या चाकांच्या पुढे येतात, म्हणजे तिथलं वजनही कामाला लागतं. किती हे सगळं कोरडं जोडून, मागच्या चाकांच्या जागी आडवी पेन्सिल ठेवून ठरवलं: नाक ठाम खाली जाईपर्यंत, आणि वर दोन गोळ्या.

शिसं फेव्हिकॉलनं चिकटवू नये. पांढऱ्या गोंदातल्या आम्लानं शिशावर पांढरी पूड चढते, ती फुगते आणि चार-पाच वर्षांनी मॉडेलचं पोट फाटतं. आमच्या खाऱ्या, दमट हवेत तर वाटच पाहायला नको. अ‍ॅराल्डाइट वापरलं.

मग पुढचा पाय. किटचा प्लास्टिकचा पाय एवढा भार पेलणार नव्हता. पहिल्या आठ दिवसांतच तो धनुष्यासारखा वाकला. सायकलच्या स्पोकचा तुकडा घातला. दोन मिलिमीटर जाडीचा स्पोक या मापात साधारण साडेचौदा सेंटिमीटरचा खांब होतो. नजरेला बरोबर, आणि जन्मात वाकायचा नाही.

झोतदिवा

ली लाइट हे त्या दिव्याचं नाव, तो सुचवणाऱ्या हंफ्री ली या ब्रिटिश अधिकाऱ्यावरून. पाणबुड्या बॅटऱ्या भरायला रात्री पाण्यावर येत. विमानाचं रडार त्यांना लांबून हेरायचं, पण अगदी जवळ गेल्यावर समुद्राच्या परतीच्या लहरींत रडारला काही कळेनासं व्हायचं. शेवटच्या त्या टप्प्यात हा चोवीस इंची झोत पेटवायचा. मॉडेलवर चोवीस इंच म्हणजे साडेआठ मिलिमीटर. दिव्याचं कवच स्केचपेनच्या झाकणाचं केलं, मागचं टोक मेणबत्तीवर तापवून ओढून निमुळतं केलं. काच लॅमिनेशनच्या फिल्मची, पंचिंग मशीननं पाडलेली, आत चॉकलेटचा चांदीचा कागद. अख्ख्या विमानात एवढाच भाग पहिल्या फटक्यात जमला.

पांढरा रंग, ओली हवा

कोस्टल कमांडची विमानं वरून गडद करडी, आणि बाजूंनी व पोटाखालून पांढरी. समुद्रावरच्या ढगाळ उजेडात खालून पाहिलं तर कोणतंही विमान काळं दिसतं, पोट आणि कुशी पांढऱ्या असल्या तर ते आभाळात जास्त वेळ मिसळून राहतं. हिवाळ्यात भाट्याच्या वाळूवर कुरव उतरतात त्यांची पोटंही पांढरीच. समुद्रात डोकं खाली घालून शिकार करणाऱ्यांना ते उगाच मिळालेलं नाही.

हा पांढरा मी ऑगस्टमध्ये मारायला गेलो, तेही रात्री, बाहेर धो धो कोसळत असताना. पांढऱ्यावर पांढरंच पडलं म्हणून दोन दिवस कळलं नाही. मग वरच्या करड्या रंगावर दुधी साय दिसली. लॅकर रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, भोवतालच्या हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगाच्या आत अडकतं. एअरब्रशच्या नळीतलं पाणी वेगळंच. कंप्रेसरचा पाण्याचा सापळा दर दहा मिनिटांनी रिकामा करावा लागत होता. संथ सुकणारा थिनर मिसळून, नुसत्या थिनरचा पातळ फवारा देऊन साय बरीचशी विरली, पण समाधान झालं नाही. मॉडेल कपाटात ठेवलं, खालच्या कप्प्यात चाळीस वॅटचा बल्ब लावून दिला आणि दसऱ्यापर्यंत हात लावला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारी दोन वाजता, गच्चीवर सगळं पुन्हा मारलं. अर्ध्या तासात हाताला कोरडं. रत्नागिरीत लॅकरचा मोसम आंब्याच्या मोसमापेक्षा थोडाच मोठा आहे.

पांढरा एकदम शुभ्र घेतला नाही. थेंबभर करडा आणि त्याहून कमी पिवळा. शुभ्र पांढरं छोट्या वस्तूवर फ्रीजसारखं दिसतं.

डेकल वाळवीनं खाल्लेले, म्हणून दुकानातल्या कलर लेझरवर पाण्यात सुटणाऱ्या पारदर्शक कागदावर छापले. मशीन पांढरा रंग छापत नाही, ही एरवीची अडचण. इथे धडावरच्या गोल निशाणीतला पांढरा पट्टा विमानाच्या स्वतःच्या रंगातूनच मिळाला. पंखांवरच्या निशाणीत नुसता निळा आणि लाल, पांढरा नाहीच; पण खाली करडं असल्यानं टोनर त्यात बुडून निशाणी जांभळट दिसू लागली. ती खरवडली, कंपासनं मास्क कापून आधी पांढरी चकती फवारली आणि मग डेकल बसवलं.

क्रमांक घातला नाही. ज्या विमानाचा बाजूनं काढलेला फोटो समोर नाही, त्याचा नंबर आपल्या मॉडेलवर लावायचा नाही हा माझा जुना नियम आहे. ट्रिगचं नाव लावून कपाटात मिरवणं सोपं होतं.

आज

डिसेंबरपासून लिबरेटर दुकानात काचेच्या कपाटात आहे. पंखांची लांबी ४६ सेंटिमीटरच्या वर, म्हणून कपाट तिरकं करावं लागलं आणि आता दार उघडायला स्टेपलरचा ट्रे सरकवावा लागतो. गिऱ्हाइकांना ते प्रवासी विमान वाटतं, पांढरं आहे म्हणून. एका आजींनी विचारलं, हे मुंबईला जाणारं का. मी हो म्हटलं. शेपटी कापलेलं हॅलिफॅक्स अजून आहे, पण आता प्लास्टिकच्या डब्यात, माळ्यावर नाही.

जानेवारीत चाचा लायसन्सच्या नूतनीकरणाचे कागद घेऊन आले. मी कपाट उघडून विमान त्यांच्या हातात दिलं. ट्यूबखाली धरून पाहिलं, फिरवून पाहिलं, काही बोलले नाहीत. मग डोळे मिटले आणि अंगठा पंखामागून शेपटीकडे सावकाश नेला. टरेटच्या जरा अलीकडे अंगठा थांबला, दोन वेळा मागे-पुढे झाला.

"हितं हाय ना?"

पाचव्या फेरीची जागा होती ती.

"हितंच," मी म्हटलं.

त्यांनी विमान परत दिलं आणि कागदांच्या दोन-दोन प्रती मागितल्या, पाठपोट.